आर्गन वेल्डिंगचे यंत्र घेताना

भांडुपला लालबहादूर शास्त्री मार्गाने चालत निघालो, की आतल्या गल्ल्यांत लहान लहान गाळे दिसतात. कुठे लेथ फिरतो, कुठे पत्रा कापतात, कुठे निळा उजेड लखलखतो. तो उजेड वेल्डिंगचा. कोकणातून, देशावरून आलेली कितीतरी माणसे अशा गाळ्यांत कामाला लागली. त्यांतल्या काहींना आता वाटते, की गावच्या घरी आपलेही एक लहान यंत्र असावे. खिडकीचे गज जोडावेत, स्टीलचा कठडा करावा, सुटीत हौस भागवावी. धंदा करायचा नाही. अशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आम्ही हे लिहीत आहोत, कारण पैसे घरचेच जातात आणि वीजही घरचीच जळते.

गाळ्यात ज्याला आर्गन वेल्डिंग म्हणतात, त्याचेच दुसरे नाव टिग. टंगस्टन नावाच्या धातूची एक टोकदार काडी असते. तिच्या टोकापासून लोखंडापर्यंत विजेची ज्योत उडते. लोखंड सुमारे 1500 अंशांवर वितळते, टंगस्टनला मात्र 3400 अंश लागतात. म्हणून लोखंडाचे पाणी होते आणि काडी तशीच राहते. तापलेल्या धातूला हवा लागली, तर सांधा काळा पडतो, त्यात भोके राहतात. ते होऊ नये म्हणून काडीच्या भोवतीने आर्गन वायू सोडतात. हा वायू कशातच मिसळत नाही, जळतही नाही. आपल्या हवेतही तो असतो, पण शंभर भागांत जेमतेम एक भाग. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत विमानांच्या हलक्या धातूंसाठी ही रीत निघाली. आज ती स्टीलच्या कठड्यापर्यंत आली आहे.

साध्या रॉडच्या वेल्डिंगपेक्षा हे काम सावकाश होते; पण ठिणग्या उडत नाहीत, सांधा सुबक येतो आणि पातळ पत्रा फाटत नाही. जाड अँगल जोडायचे असतील, तर रॉडच बरा. टिगची बहुतेक लहान यंत्रे रॉडही चालवतात. तसेच यंत्र घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. दुकानात यंत्रावर मोठा आकडा असतो, 200 ॲम्पिअर. आकडा पाहून भुलू नका. घरात येणारी वीज 230 व्होल्टची, एका फेजची. घरातले मोठे सॉकेट 16 ॲम्पिअरचे. टिगने 100 ॲम्पिअरवर काम केले, तर यंत्र सॉकेटमधून साधारण 10 ॲम्पिअर ओढते. तेच 200 वर नेले, तर 25 किंवा त्याहून जास्त ओढते. मग सॉकेट तापते, वायर वितळते, एमसीबी पडतो. शिवाय रॉड लावला, तर त्याच आकड्याला टिगपेक्षा जास्त वीज लागते, हेही ध्यानात ठेवा.

आणि 200 ॲम्पिअर लागतात कशाला? एक मिलिमीटर जाडीला साधारण 30 ते 40 ॲम्पिअर, असा ढोबळ हिशेब आहे. कठड्याचा 18 गेजचा पाइप सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. त्याला 40-50 पुरतात. तीन मिलिमीटरच्या पट्टीला 120 झाले तरी खूप. म्हणून नवशिक्याला 140 ते 160 चे यंत्र भरपूर आहे. त्याहून मोठे घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. वरचा आकडा पाहण्यापेक्षा खालचा पाहावा. यंत्र 10-15 ॲम्पिअरवर ज्योत न थरथरता चालले, तर पातळ पत्रा त्याच्या हाती सुखरूप राहील.

वीजबिल काढून बघा. त्यावर मंजूर भार छापलेला असतो. भांडुपला आणि राज्याच्या बहुतेक खेड्यांत महावितरणची वीज आहे. कित्येक घरांचा मंजूर भार एखाददुसरा किलोवॅटच असतो. यंत्र आणण्याआधी तो वाढवून घ्यावा. वायरमनकडून जाड वायरचे वेगळे सॉकेट, स्वतंत्र एमसीबी आणि खरी अर्थिंग करून घ्यावी. नुसती तिसरी पिन असली म्हणजे अर्थिंग झाली असे नाही, बरं का! आणि पैसे घेऊन कामे करू लागलात, तर घरगुती जोडणी चालेल का, हे महावितरणला विचारून घ्या. ती बदलून घ्यावी लागू शकते. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरते. यंत्र किती व्होल्टपर्यंत तग धरते, ते दुकानदाराला विचारा.

पाटीवर आणखी एक आकडा असतो, टक्क्यांचा. 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे काम, चार मिनिटे विसावा. तो हिशेब 40 अंशांच्या हवेत धरलेला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात त्याहून कमीच धरा.

ॲल्युमिनियमचे काय? त्याच्या अंगावर एक कठीण साय असते. धातू 660 अंशांवर वितळतो, साय मात्र 2000 च्या वर. ती फोडायला एसी वीज लागते. तसे एसी-डीसी यंत्र साध्या डीसी यंत्राच्या दुपटी-तिपटीला पडते. नुसत्या हौसेपोटी एवढे पैसे घालवू नयेत, असे आमचे मत आहे. लोखंड आणि स्टील डीसीवर चांगले जोडले जाते.

ज्योत पेटवण्याच्या रीती तीन. काडी घासून, हलकेच टेकवून उचलून, किंवा न टेकवता ठिणगी मारून, तिला एचएफ म्हणतात. घासण्याने टोक बिघडते. टेकवून उचलणारे यंत्र स्वस्त असते आणि शिकायला पुरते. एचएफ सोयीचे, पण हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने कोणत्याही वेल्डिंगजवळ जाऊ नये, एचएफजवळ तर नाहीच. टॉर्च ऋण टोकाला लावा. उलटी लागली तर काडीच वितळते. काड्यांत लाल खुणेच्या थोरियमयुक्त काड्या घेऊ नका. थोरियम किरणोत्सारी असतो, घासताना त्याची धूळ छातीत जाते. सोनेरी किंवा निळ्या खुणेच्या लँथॅनमच्या काड्या घ्याव्यात.

यंत्र हा खर्चाचा एक भाग झाला. सिलिंडर, रेग्युलेटर, नळी, हातमोजे, मुखवटा, स्टीलची तार यांचे पैसे वेगळे. मिनिटाला सात लिटर आर्गन धरला, तर दीड हजार लिटरचा लहान सिलिंडर साडेतीन तास चालतो. तो भरून कुठे मिळेल, हे यंत्र घेण्याआधी विचारा. जवळ सोय नसेल, तर यंत्र कोपऱ्यात पडून राहील. शुद्ध आर्गनच मागा. स्वस्त म्हणून कार्बन डायऑक्साइड लावला, तर काडी जळते.

आर्गनला वास नाही, रंग नाही. तो हवेपेक्षा जड असतो. बंद खोलीत गळाला तर खाली साचतो आणि माणूस खोकल्याशिवाय, गुदमरल्याची जाणीव न होता बेशुद्ध पडतो. म्हणून दारेखिडक्या उघड्या ठेवा, खड्ड्यात किंवा टाकीत उतरून काम करू नका, सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा. जस्ताच्या पांढऱ्या पत्र्यावर वेल्डिंग केली तर धुराने ताप भरतो. जस्त आधी घासून काढा, नाकावर मास्क लावा. मुखवट्याला 10 नंबरची काच असावी. ज्योत उघड्या डोळ्यांनी क्षणभर पाहिली, तरी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. मुलांना जवळ येऊ देऊ नका. अंगावर सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे.

दुकानात जाताना 18 गेजच्या स्टील पाइपाचे दोन तुकडे बरोबर न्या. दुकानदाराला त्याच यंत्रावर ते जोडून दाखवायला सांगा, आणि बिघडल्यास आतली पाटी कुठे मिळते, दुरुस्ती कोण करतो, हे हमीपत्रावर लिहून घ्या.