मित्र रिप्लाय देत नाही? कारण डीएलडी असू शकतं

ग्रुपवर लांबलचक मेसेज पडतो आणि एखादा मित्र नुसता अंगठा टाकून गप्प बसतो. लगेच 'भाव खातोय' म्हणू नका. कदाचित त्याला डीएलडी असेल, म्हणजे डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर. यात ऐकू नीट येतं, पण शब्द पटकन सापडत नाहीत आणि लांब वाक्यं समजायला वेळ लागतो. साधारण १४ मुलांमागे एकाला हा त्रास असतो, आणि बऱ्याच जणांचा तो मोठेपणीही राहतो.

मग पुढे आयुष्य कसं जातं? कॅनडातल्या ओटावा भागात १९८२ मध्ये ५ वर्षांची मुलं तपासली गेली. त्यातल्या काहींना २५ व्या वर्षी पुन्हा भेटलं गेलं. भाषेची अडचण असलेली मुलं शिक्षणात आणि नोकरीत मागे पडली होती. पण 'आयुष्यात समाधानी आहात का?' यावर ती इतरांपेक्षा वेगळी नव्हती. समाधानाचा मुख्य संबंध निघाला घरच्यांशी आणि मित्रांशी.

म्हणजे आपल्या हातात बरंच आहे:

- एका मेसेजमध्ये एकच गोष्ट लिहा. वेळ आणि ठिकाण वेगळ्या ओळीत टाका.
- व्हॉइस नोट बरी की टाइप केलेलं, हे त्यालाच विचारा.
- वाचताना तुम्हालाच अडतं? अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'सिलेक्ट टू स्पीक' चालू करा. फोन मराठी मजकूरही वाचून दाखवतो, वेगही कमी करता येतो. आयफोनवर 'स्पीक स्क्रीन' आहे.

घरातल्या लहान मुलाबद्दल शंका असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा. आणि मित्राला उत्तर द्यायला वेळ द्या, ते काम कुठलंच अ‍ॅप करत नाही.