मधल्या फळीतला कॅमेरा

"अण्णा, मोबाईलवर काढलं तर चालतंय की! एवढं धूड कशाला आणलंय?"

चिंचोळी एमआयडीसीत कॅमेऱ्याची बॅग घेऊन शिरलं की हा प्रश्न ठरलेला असतो. कधी वॉचमन काका विचारतात, कधी खुद्द मालक. आणि प्रश्न रास्त आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्यापाऱ्याला नमुना पाठवायला मोबाईल पुरतो. तळहाताएवढ्या पडद्यावर बघायचं असेल, तर माझ्या कॅमेऱ्याचा फोटो आणि सुपरवायझरच्या फोनमधला फोटो यात फारसा फरक दिसणारही नाही. फरक पडतो तो फोटो छापायला जातो तेव्हा, आणि परदेशातला खरेदीदार रंगावरून हरकत घेतो तेव्हा.

सोलापूर–पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दीतली ही औद्योगिक वसाहत. इथं बालाजी अमाईन्ससारखा रसायनांचा उद्योग आहे, इंजिनाचे कॅमशाफ्ट बनवणाऱ्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे, कापडाचे आणि टॉवेलचेही धंदे आहेत. मी इथल्या लहानमोठ्या युनिटांचे कॅटलॉग, निर्यातीचे नमुने, यंत्रांचे फोटो काढतो. लग्नसराईत लग्नं, जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. या सगळ्या कामांत बरीच वर्षं माझ्या गळ्यात एकच कॅमेरा आहे: निकॉन डी७२००. मार्च २०१५ मध्ये तो जाहीर झाला. आज तो जुन्या बाजारातच मिळतो आणि म्हणूनच त्याबद्दल लिहायला हवं. कारण सध्या नव्यानं फोटोग्राफीत उतरणाऱ्या पोराच्या हाती पहिल्यांदा येतो तो बहुधा असाच एखादा वापरलेला, मधल्या किमतीचा डीएसएलआर.

मधल्या किमतीचा म्हणजे काय? डीएसएलआरच्या बाजारात तळाला नवशिक्यांचे हलके कॅमेरे, वर वर्तमानपत्रांच्या आणि क्रीडा छायाचित्रकारांचे महागडे. या दोहोंच्या मध्ये निकॉनची डी७००० मालिका आणि कॅननचे ७०डी, ८०डी, ९०डी. हे कॅमेरे मधल्या फळीतल्या फलंदाजासारखे. त्यांच्या नावानं तिकिटं खपत नाहीत, पण वरचे लवकर बाद झाले की डाव तेच सावरतात.

हाताला आणि डोळ्याला काय मिळतं

पहिली गोष्ट, आरसा. लेन्समधून आलेला उजेड आरशावर पडतो, वरच्या काचेच्या पंचकोनी लोलकातून वळून थेट आपल्या डोळ्यात येतो. मध्ये कुठलाही इलेक्ट्रॉनिक पडदा नाही. त्यामुळे मे महिन्याच्या भगभगीत उन्हातही दृश्य स्पष्ट दिसतं आणि कॅमेरा चालू नसला तरी चौकट जुळवता येते. डी७२०० मध्ये दिसणारी चौकट आणि उमटणारा फोटो जवळपास शंभर टक्के सारखा असतो. तळाच्या कॅमेऱ्यांत आरशांचा स्वस्त लोलक असतो, चौकटही थोडी कापलेली दिसते.

दुसरी, बॅटरी. पडदा सतत पेटता ठेवावा लागत नसल्यानं एका चार्जमध्ये हा कॅमेरा उद्योगाच्या प्रमाणित चाचणीत १,११० फोटो काढतो. कॅनन ८०डीचा आकडा ९६०. शिफ्ट सकाळी सुरू होऊन दुपारी बदलेपर्यंत चार्जर शोधत फिरावं लागत नाही.

तिसरी गोष्ट कार्डांचे दोन कप्पे. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहिता येतो. लग्नातल्या अक्षता आणि कारखान्यातलं उद्घाटन दुसऱ्यांदा होत नसतं, तेव्हा या सोयीची किंमत कळते. निकॉननं २०१७ च्या डी७५०० मध्ये वेग वाढवला, पडदा हलता केला, पण दुसरा कप्पा काढून टाकला. नवं मॉडेल सगळ्याच बाबतींत पुढचं असतं, हा समज इथं खोटा ठरतो.

चौथी, जुन्या लेन्स. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. या मालिकेतल्या कॅमेऱ्यांच्या पोटात फोकसची मोटर असते, तळाच्या निकॉनमध्ये ती नसते. त्यामुळे फिल्मच्या काळात स्टुडिओवाल्यांनी घेतलेली पन्नास मिलीमीटरची ऑटोफोकस लेन्सही यावर आपोआप फोकस करते. नव्या लेन्सच्या किमती पाहिल्या तर हा फायदा लहान नाही.

लाल चादरीची परीक्षा

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. पण कॅमेऱ्याला मानांकन कळत नाही, त्याला दिसतो तो गडद लाल रंग. अशा कापडावर डिजिटल कॅमेऱ्यात लाल रंगाचा भाग सर्वांत आधी भरून वाहतो. मग चादरीवरची नक्षी जाऊन एक सपाट लाल पट्टा उरतो. फोन तर स्वतःच्या बुद्धीनं तो आणखी भडक करतो.

इथं डीएसएलआरचा रॉ फोटो कामी येतो. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. आधी थोडा अंधारा फोटो घ्यायचा, चौकटीत एकदा राखाडी कार्ड ठेवायचं आणि मग संगणकावर रंग जुळवायचा. मालक शेजारी चादर धरून उभे राहतात, "अजून जरा मरून पाहिजे" म्हणतात आणि रंग तिथवर नेता येतो. सेन्सरचा आकारही उपयोगी पडतो. २३.५ बाय १५.६ मिलीमीटरचा हा सेन्सर फोनच्या सेन्सरपेक्षा कित्येक पट मोठा असल्यानं सावलीतले धागे चिवडा न होता सुटे दिसतात.

आता याच कापडावर उघडी पडणारी उणीव. तपशील अधिक धारदार यावा म्हणून डी७१०० पासून या मालिकेत सेन्सरपुढचा धूसर करणारा फिल्टर काढून टाकला गेला. यंत्राचे सुटे भाग टिपताना त्याचा फायदा होतो. पण कापडाच्या ताण्याबाण्याची जाळी आणि सेन्सरवरच्या बिंदूंची जाळी एकमेकांवर आल्या की फोटोत हिरव्या-जांभळ्या लाटा उमटतात. याला मोआरे म्हणतात. टॉवेलच्या लूपवर तो सहसा येत नाही, कारण लूप वेडेवाकडे असतात. येतो तो टॉवेलच्या सपाट विणीच्या काठावर, किंवा पलंगावर अंथरलेली अख्खी चादर लांबून टिपताना. उपाय सोपे आहेत: दोन पावलं पुढे-मागे व्हायचं, कोन बदलायचा, नाहीतर लेन्सचं छिद्र एफ/१६ पर्यंत लहान करायचं म्हणजे चित्र किंचित मऊ होतं. मात्र हे फोटो काढतानाच पाहावं लागतं. नंतर संगणकावर लाटा पुसायला गेलं की रंगही पुसला जातो.

शेडमधला उजेड, हवेतला तूस

कारखान्याच्या शेडमध्ये ट्यूब आणि दिवे असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून यातले बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/५०० सेकंदावर एकामागोमाग पाच फोटो काढले तर एक उजळ, एक पिवळट, एक काळपट येतो. १/५० किंवा १/१०० ठेवलं की ही तक्रार मिटते, पण हलतं यंत्र धूसर होतं. जुन्या पद्धतीच्या मागावर धोट्याचा वेग सेकंदाला दहा मीटरच्या आसपास धरला, तर १/१०० सेकंदात तो दहा सेंटीमीटर पुढे गेलेला असतो.

कॅनन ८०डी आणि निकॉन डी७५०० दिव्याची ही लुकलुक ओळखून नेमक्या क्षणी शटर उघडतात. डी७२०० मध्ये फोटोसाठी ती सोय नाही. मग फ्लॅश लागतो. या कॅमेऱ्याचा डोक्यावरचा छोटा फ्लॅश दूर ठेवलेल्या मोठ्या फ्लॅशला बिनतारी इशारा देतो, हे त्याचं दुर्लक्षित बलस्थान. टॉवेलच्या शेडमध्ये तर फ्लॅश बाजूलाच हवा. समोरून मारला तर हवेत तरंगणारा तूस पांढऱ्या ठिपक्यांसारखा चमकतो आणि फोटोत जणू बर्फ पडतो.

हाच तूस लेन्स बदलताना आत शिरतो आणि सेन्सरवर बसतो. या कॅमेऱ्याच्या अंगाला धूळ-पाण्यापासून जपणारी सीलं आहेत, वरचा आणि मागचा भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे, पण लेन्स काढल्यावर सीलाचा काय उपयोग? त्यामुळे मागांच्या खात्यात लेन्स बदलायचीच नाही, ऑफिसात येऊन बदलायची. उन्हाळ्याचंही तसंच. कंपनी ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानाची हद्द सांगते. सोलापूरचा मे महिना ती हद्द सहज ओलांडतो. काळा कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं म्हणजे मुद्दाम ओढवून घेतलेलं संकट.

रसायनांच्या कारखान्यात वेगळीच गोष्ट. ज्वलनशील द्रव असलेल्या विभागात साधा कॅमेरा किंवा फ्लॅश परवान्याशिवाय नेता येत नाही, कारण बॅटरीवर चालणारं उपकरण ठिणगीचं निमित्त होऊ शकतं. तिथं मॉडेल कोणतं हा प्रश्नच नाही, सुरक्षा अधिकारी सांगतील ते ऐकायचं.

आरशाची किंमत

ज्या आरशाचे गोडवे वर गायले, तोच या कॅमेऱ्याचा कमकुवत दुवाही आहे. फोकस मोजणारा सेन्सर आरशाखाली, फोटो घेणारा मागे. दोन वाटांच्या लांबीत बारीक फरक पडला की फोकस डोळ्याऐवजी कानावर जातो. मेनूतून प्रत्येक लेन्ससाठी ही दुरुस्ती करता येते, पण करावी लागते. चकचकीत कॅमशाफ्टसारख्या वस्तूसाठी मी कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) लावून मागच्या पडद्यावरच फोकस करतो. तो अचूक येतो, पण सावकाश. कॅननच्या ७०डी पासूनच्या कॅमेऱ्यांत पडद्यावरचा फोकसही चपळ आहे.

व्हिडिओत तर डी७२०० सरळ मागे पडतो. फोर-के नाही, पडदा वळत नाही, फोकस चाचपडत राहतो. आणि आता प्रत्येक कारखानदाराला फोटोबरोबर रील हवी असते. खटक्याचा आवाजही मोठा. मागांच्या खडखडाटात तो कुणाला ऐकू येतोय म्हणा! पण सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळविटाचे कान त्या आवाजानं ताबडतोब वळतात. त्या माळावर लहान सेन्सरचा एक लाभ मात्र होतो: ३०० मिलीमीटरची लेन्स ४५०च्या लेन्सएवढी चौकट देते.

सर्वांत मोठी उणीव कॅमेऱ्यात नाही, बाजारात आहे. २०१८ साली निकॉननं झेड आणि कॅनननं आर या बिनआरशाच्या (मिररलेस) मालिका आणल्या आणि कंपन्यांची सगळी नवी कल्पकता तिकडं वळली. डीएसएलआरच्या वाटेवर पुढचं मॉडेल येईल या भरवशावर आता कुणी राहू नये.

मग घ्यावा का?

व्हिडिओ हे मुख्य काम असेल तर घेऊ नये. पैसे साठवून मिररलेसच घ्यावा. पण कॅटलॉग, लग्नाचे फोटो, शाळेचे कार्यक्रम, यंत्रांचे सुटे भाग हे काम असेल आणि खिसा बेताचा असेल, तर वापरलेला डी७२०० किंवा ८०डी आजही चोख पोट भरतो. फक्त घेताना डोळे उघडे ठेवा. शटर किती वेळा उघडलं हे तपासा. डी७२००चं शटर १,५०,००० वेळांच्या चाचणीतून गेलेलं असतं. एफ/१६ वर निरभ्र आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग मोजा. डी७२०० असेल तर दोन्ही कप्प्यांत कार्ड घालून पाहा. तिरप्या ठेवलेल्या फूटपट्टीवर फोकस नेमका बसतो का बघा. निकॉन असेल तर मेनूत बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं, त्यात ० म्हणजे नवी.

आणि वाचलेले पैसे दुसऱ्या बॉडीवर घालू नका. एक चांगली लेन्स, एक फ्लॅश आणि भक्कम तिकाटणं घ्या. कॅमेरा बदलला तरी फ्लॅश आणि तिकाटणं पुढची कैक वर्षं कामाला येतात.