आधी तुरटी, मग क्लोरीन

सकाळी ६.
पहिल्या पावसाचं पाणी एरेटरवरून कोऱ्या चहाच्या रंगाचं उतरतंय. गढूळपणाची मला धास्ती नाही, तुरटी तो खाली बसवते. धास्ती या रंगाची आहे. कुजलेला पाला, गवत, माती यांतली ह्युमिक द्रव्यं त्यात विरघळलेली असतात. क्लोरीनशी गाठ पडली की त्यांच्यापासून क्लोरोफॉर्मसारखी ट्रायहॅलोमिथेन तयार होतात.

६.३०.
जार टेस्ट. सहा बीकर, चढत्या मात्रेची तुरटी. पाणी नितळ दिसलं की पुष्कळ जण थांबतात. मी थोडी पुढची मात्रा धरते आणि पीएच सहाच्या आसपास येऊ देते, कारण तिथे ही द्रव्यं गाळाबरोबर जास्त बसतात. शेवटी पीएच सावरायला चुना लागतो, खर्च वाढतो. तो करायलाच हवा.

८.
ऑपरेटर काका विचारतात, "मॅडम, प्री-क्लोरीन सुरू करू का? क्लॅरिफायरला शेवाळ धरतंय."
"नको काका. भिंती ब्रशने घासून घेऊ. क्लोरीन गाळ बसल्यावरच सोडायचा."
कच्च्या पाण्यात सोडलेल्या क्लोरीनला सगळा पाला-कचरा आयता मिळतो. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहान्स रूक यांनी १९७४ मध्ये हेच दाखवून दिलं: क्लोरोफॉर्म नदीतून आला नव्हता, तो शुद्धीकरणातच तयार झाला होता. १९७९ मध्ये अमेरिकेने एकूण ट्रायहॅलोमिथेनवर लिटरला ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. तिथल्या अनेक केंद्रांनी काय केलं, तर क्लोरीनची जागा मागे नेली. इतका साधा उपाय आपल्याकडे सगळीकडे का होऊ नये?

११.
फिल्टरचं बॅकवॉश.

१२.
ट्रायहॅलोमिथेनचे नमुने. काचेची छोटी बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहिला तर ही द्रव्यं त्यात उडून जातात. आत आधीच सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीनचं काम चालूच राहील. भारतीय मानकात क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. मला आकडा त्याच्या बराच खाली हवा.

दुपारी ४.
गावाच्या शेवटच्या टोकाचा नळ. क्लोरोस्कोपमध्ये फिकट पिवळा रंग येतो: उरलेला क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे किमान पातळीवर. मात्र जलवाहिनीत तासन् तास अभिक्रिया चालू राहिल्याने ट्रायहॅलोमिथेन इथेच सर्वाधिक भरतात. नळावर आलेल्या आजी विचारतात, "बाई, या औषधानं कॅन्सर होतो म्हणे. कमी करा की."
मी त्यांना सांगते, "आजी, तो धोका वर्षानुवर्षं पिऊन वाढणारा, आणि तो कमी करायला आम्ही झटतोय. पण औषधच काढलं तर आठवड्यात घराघरात गॅस्ट्रो होईल." जागतिक आरोग्य संघटनाही हेच बजावते: उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड नको.

संध्याकाळी ७.
रात्रपाळीसाठी नोंदवहीत लिहिते: 'कच्च्या पाण्याचा रंग वाढल्यास जार टेस्ट करून तुरटी वाढवावी. प्री-क्लोरीन बंदच ठेवावा. शुद्ध पाण्याच्या टाकीत क्लोरीन कमी भरल्यास फिल्टरनंतरचा डोस लगेच वाढवावा, माझ्या फोनची वाट पाहू नये.'