अजेंडा, अजेंड्याचा, अजेंड्यावर

सोसायटीच्या जिन्यापाशी वार्षिक सभेची नोटीस लागते. वर ठळक ‘अजेंडा’, मध्ये कुठल्याशा ‘ॲक्ट’चं कलम, खाली विमा ‘एजंट’ची थकबाकी. हे तिन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच धातूची लेकरं: ‘आगेरे’, म्हणजे करणे, चालवणे. आगेन्स म्हणजे करणारा, आक्तुस म्हणजे केलेला, आगेन्दा म्हणजे करायच्या गोष्टी. नोटिशीत नसलेलं चौथं भावंड आक्तूरुस: करायच्या बेतात असलेला. लॅटिनमधल्या धातुसाधित विशेषणांचं घर या चौघांचं.

घडण सोपी आहे. वर्तमानाच्या अंगाला ‘न्स’ जोडला की आगेन्स, षष्ठीत आगेन्तिस. त्याच अंगाला ‘न्दुस’ जोडला की आगेन्दुस. आक्तुस मात्र पाठच करावं लागतं. म्हणून विद्यार्थी क्रियापदाची चार रूपं घोकतात: आगो, आगेरे, एगी, आक्तुम. शेवटच्यातून आक्तुस निघतं आणि आक्तूरुसही.

चौथ्या शतकातल्या दोनातुस या वैयाकरणाने शब्दांच्या आठ जाती सांगितल्या, त्यांत या रूपांना स्वतंत्र जागा दिली. नाव ‘पार्तिकिपिउम’, म्हणजे वाटेकरी. काळ क्रियापदाकडून घ्यायचा. लिंग, वचन, विभक्ती नामाकडून. आपणही वाचलेला ग्रंथ, वाचलेली पोथी म्हणतोच. संस्कृतशी नातं तर सख्खं: ‘वाहणाऱ्याला’ यासाठी संस्कृत ‘भरन्तम्’, लॅटिन ‘फेरेन्तेम’. भाषाभ्यासक विल्यम जोन्सने 1786 मध्ये कलकत्त्याच्या भाषणात या भाषांचं मूळ एक असावं असं म्हटलं, ते अशाच साम्यांच्या बळावर.

पण या घरात एक खोली रिकामी आहे. आक्तुस म्हणजे ‘केलेला’. ‘ज्याने केलं आहे तो’ यासाठी बहुतेक धातूंना रूपच नाही. ‘शहर जिंकून सेनापती परतला’ हे मराठीत सहज जमतं. लॅटिन म्हणते: उर्बे काप्ता, दुक्स रेदिइत. शहर जिंकलं गेलं असता सेनापती परतला. ‘शहर’ आणि ‘जिंकलेलं’ दोन्ही पंचमीत, बाकी वाक्यापासून फटकून. संस्कृत शिकलेल्याला इथे सति सप्तमी आठवेल. गंमत अशी की शहर कोणी जिंकलं, हे व्याकरण सांगत नाही, संदर्भाने ओळखायचं. रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी असे थोडे धातू या अडचणीतून सुटतात: ‘होर्तातुस’ म्हणजे थेट ‘धीर देऊन’.

‘न्दुस’वाल्या रूपात कर्तव्याची छटा असते, संस्कृतातल्या ‘करणीय’सारखी. 1622 साली पोपने धर्मप्रसारासाठी मंडळ स्थापलं, त्याच्या नावात ‘दे प्रोपागान्दा फिदे’ होतं: प्रसार करायच्या श्रद्धेविषयी. याच ‘प्रोपागान्दा’चे मिशनरी आणि पोर्तुगिजांचा ‘पाद्रोआदो’ (राजाचा चर्चवरचा आश्रयाधिकार) यांच्यात मुंबईतल्या चर्चवरच्या हक्कासाठी दीर्घ काळ तंटा चालला. फिदेस स्त्रीलिंगी, म्हणून प्रोपागान्दाही स्त्रीलिंगी. आगेन्दा नपुंसकलिंगी, तेही अनेकवचन.

इंग्रजीत गेल्यावर या शब्दांचं लिंग गेलं, विभक्ती गेली. मराठीत आले तेव्हा शेवटच्या ‘आ’मुळे आपण त्यांना वाडा, घोडा यांच्या पंगतीत बसवलं: तो अजेंडा, तो प्रोपगंडा. ‘अजेंड्यावरचा तिसरा विषय’ असं सेक्रेटरी म्हणतात, तेव्हा वाटेत विभक्ती गमावलेलं ते रूप पुन्हा चालायला लागलेलं असतं. फक्त आता ‘वाड्यावर’सारखं.