आजीबाईंना सूट नाही!

घरात नव्वदीची आजी असली, की आपण तिच्या हातातली पाण्याची कळशीसुद्धा काढून घेतो. "राहू दे गं आजी, मी नेते!" चांगली सवय आहे ही, मोडू नका. पण अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात टॅम्पा नावाचं शहर आहे. तिथल्या एका आजीबाईंच्या हातातलं ओझं काढून घ्यायला कुणी पुढं गेलं असतं, तर त्याचीच पंचाईत झाली असती. कारण ते ओझं कधीकधी 68 किलोंचं असायचं!

या आजींचं नाव ईडिथ मरवे-ट्रेना. जन्म 8 ऑगस्ट 1921. त्या मूळच्या नृत्यशिक्षिका. व्यायामशाळेत वजनं उचलायला लागल्या, तेव्हा त्यांचं वय होतं 91 वर्षं! तेही स्वतःच्या हौसेनं नव्हे, एका मैत्रिणीनं आग्रह केला म्हणून. तिथं बाकीच्या बायका वजनं उचलताहेत आणि आपण नुसतं बसून बघतोय, हे काही त्यांना पटेना. मग त्यांनीही बारला हात घातला. आधी सवय लागली, मग गोडी लागली आणि शेवटी बाई थेट स्पर्धेतच उतरल्या. वयाच्या 98व्या वर्षी त्यांनी केलेल्या कामगिरीची गिनेस बुकानं नोंद घेतली: स्पर्धेत भाग घेणारी जगातली सर्वांत वयस्कर महिला पॉवरलिफ्टर.

आता हे पॉवरलिफ्टिंग म्हणजे काय? सिडनी ऑलिंपिकमध्ये 2000 साली कर्णम मल्लेश्वरीनं पदक मिळवलं, ते वेटलिफ्टिंग. त्यात बार थेट डोक्यावर न्यावा लागतो. पॉवरलिफ्टिंग वेगळं. त्यात तीन प्रकार असतात. पहिला स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेली बैठक. आपल्या तालमीतल्या पैलवानाला हे वेगळं शिकवायला नको! दुसरा बेंच प्रेस. बाकावर उताणं झोपायचं, बार छातीपर्यंत आणायचा आणि पुन्हा वर ढकलायचा. तिसरा डेडलिफ्ट. जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरून ताठ उभं राहायचं, बस्स! दिसायला सगळ्यात सोपा हाच. पण नुसता रिकामा बारच 20 किलोंचा असतो, हे विसरू नका.

प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात. तिन्ही प्रकारांतल्या सर्वांत चांगल्या वजनांची बेरीज म्हणजे तुमचा निकाल. चौदा वर्षांचे झालात की या खेळात उतरता येतं. आणि चाळिशीपासून पुढं 'मास्टर्स', म्हणजे ज्येष्ठांचे गट सुरू होतात. (तुमच्या बाबांना हे वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा!) आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत चाळिशी, पन्नाशी आणि साठीचे वेगवेगळे गट आहेत आणि शेवटचा गट सत्तरी ओलांडलेल्यांचा. तिथं खेळाडूची गाठ आपल्याच वयाच्या आणि साधारण आपल्याच वजनाच्या खेळाडूशी पडते.

पण गंमत पुढंच आहे. वयानुसार गट वेगळे, नियम मात्र सगळ्यांना एकच. तीन पंच बसलेले असतात. उचल बरोबर असेल तर पांढरा दिवा, चुकली तर लाल. निदान दोन पांढरे लागायलाच हवेत. स्क्वॉट करताना मांडीचा कमरेकडचा भाग गुडघ्याच्या खाली गेलाच पाहिजे. बोटभर वर राहिला तरी लाल दिवा. बेंच प्रेसमध्ये बार छातीवर टेकला, की पंच 'प्रेस' म्हणेपर्यंत तो तिथंच स्थिर धरायचा. घाई केली की संपलं! वजन एकदा सांगितलं, की पुढच्या संधीला ते वाढवता येतं, कमी करता येत नाही. आणि एखाद्या प्रकारात तिन्ही संधी हुकल्या, तर तुमची बेरीजच होत नाही. मग तुम्ही अठरा वर्षांचे असा की अठ्ठ्याऐंशी.

मला या खेळातलं हेच सगळ्यात आवडतं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना समारंभात पुढच्या खुर्चीवर बसवतात, शाल-श्रीफळ देतात, टाळ्या वाजवतात. त्यात प्रेम असतंच. पण "तुमची बैठक अर्धवट झाली, पुन्हा करा" असं त्यांना कोण सांगतं? पंच सांगतात. कारण त्यांच्यासमोर उभी असते ती खेळाडू, आजीबाई नव्हे.

बरं, पण नव्वदीत ताकद वाढते तरी कशी? वय झालं की स्नायू झिजतात, हे तर खरंच ना? खरंच आहे. पण गोष्ट तिथं संपत नाही. मारिया फियाटारोन या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांकडून त्यांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. सगळे नव्वदीच्या आसपासचे. एक जण मध्येच थांबला. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली! म्हणजे आधी 8 किलो उचलणारा माणूस जवळजवळ 22 किलो उचलायला लागला म्हणा ना.

मांडीचे स्नायू मात्र वाढले फक्त 9 टक्के. मग बाकीची ताकद आली कुठून? रस्सीखेच आठवा. दहा मुलं आपापल्या मनानं दोर ओढत असतील तर तो हलत नाही. कुणीतरी "हैऽय्या" म्हणतं, सगळे एकदम ओढतात आणि समोरचे धाडकन पडतात. मुलं तीच, दोर तोच! आपल्या स्नायूंतही हजारो तंतू असतात. पुष्कळ दिवस काम नसलं की मेंदूचा "हैय्या" त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. सराव केला की पुन्हा पोचायला लागतो, नव्वदाव्या वर्षीसुद्धा.

हे सगळं पदकासाठीच असतं असं नाही. खुर्चीतून उठणं, बसचा पाय चढणं, तोल गेला तर सावरणं, हे सारं पायांच्या ताकदीचंच काम. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं, तर हिंडतंफिरतं माणूस अंथरुणाला खिळू शकतं. तुमच्या ओळखीत असं घडलेलं तुम्ही पाहिलंही असेल.

मात्र हे वाचून कुणी आजोबांच्या खांद्यावर तांदळाचं पोतं ठेवायला जाऊ नका हं! श्वास रोखून जड वजन उचलताना रक्तदाब एकदम चढतो. म्हणून वयस्कर माणसांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, मग जाणकार शिक्षक गाठायचा आणि सुरुवात अगदी हलक्या वजनानं करायची. या वयात दमलेलं शरीर भरून यायलाही वेळ लागतो, त्यामुळे मधले विश्रांतीचे दिवस महत्त्वाचे. ईडिथ आजीही काही पहिल्याच दिवशी 68 किलोंपर्यंत पोचल्या नव्हत्या.

वजनाशिवाय करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. ज्येष्ठांची तपासणी करतानाही ती करून घेतात. हाताची नसलेली एक खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. दोन्ही हात छातीवर, फुलीसारखे. 30 सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं, असं किती वेळा जमतं ते मोजा. आधी तुम्ही करा, मग आई-बाबा. आजी-आजोबांचे गुडघे दुखत नसतील आणि त्यांची तयारी असेल, तर शेवटी त्यांचा नंबर. तेव्हा शेजारी कुणीतरी उभं राहा. आणि अर्धवट उठलेलं मोजायचं नाही बरं का, आजीचंसुद्धा!