संगीत आणि विद्याशाखा : दोन पदव्यांसाठी अर्ज लवकर का करावा?

वाराणसीचा राजा घाट मराठी माणसाला परका नाही. नारद घाटाला लागून असलेल्या या घाटाचे दगडी बांधकाम एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अमृतराव पेशव्यांनी करविले. येथून नदीकाठाने दक्षिणेकडे, अस्सी घाट ओलांडून पुढे गेले की बनारस हिंदू विश्वविद्यालय लागते. तेथील संगीत महाविद्यालयाची उभारणी १९५० च्या सुमारास पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्या नेतृत्वाखाली झाली. ठाकूर हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. साठच्या दशकात याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद मिरजेचे प्रा. बी. आर. देवधर यांनी भूषविले. तेही पलुस्करांचे शिष्य आणि कुमार गंधर्वांचे गुरू. गाणे आणि कॉलेजचे शिक्षण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधू पाहणाऱ्या गायकांच्या पिढीत देवधरांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

मात्र अशी दुहेरी वाटचाल दीर्घकाळ ज्याच्या त्याच्या जिद्दीवरच अवलंबून होती. एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घेण्यास देशात मान्यता नव्हती. त्यामुळे विद्यार्थी एका विषयाची पदवी घेई आणि संगीताची तहान अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ ते ‘अलंकार’ या परीक्षांवर भागवी. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि हे चित्र पालटले. आता दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करता येतात. अट एवढीच की, दोहोंच्या तासिकांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत. एक अभ्यासक्रम प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, अथवा दोन्ही दूरस्थ किंवा ऑनलाइन, असे पर्यायही खुले आहेत. पीएच.डी.ला ही सवलत लागू नाही.

परवानगी मिळाली, तरी वेळेचा प्रश्न उरतोच. गायनाचा किंवा तबल्याचा विद्यार्थी वर्गात जितका वेळ देतो, त्याहून अधिक वेळ त्याला रियाजासाठी द्यावा लागतो. शिवाय दोन्हीकडे उपस्थितीचा नियम असतो. दोन पूर्णवेळ वर्गांचे वेळापत्रक जुळणे ही कागदावर जितकी सोपी, तितकीच प्रत्यक्षात अवघड गोष्ट आहे. म्हणून संगीताची पदवी वर्गात बसून आणि इतिहास, अर्थशास्त्र वा वाणिज्य यांसारख्या विषयाची पदवी दूरस्थ पद्धतीने, ही जोडी बहुतेकांना अधिक झेपणारी ठरते.

अर्जाची घाई का, हे येथेच स्पष्ट होते. बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे पदवी प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामायिक परीक्षेद्वारे होतात. या परीक्षेचे अर्ज बारावीच्या निकालाची वाट पाहत नाहीत. २०२५ चे उदाहरण घ्यावे : सीयूईटीचे अर्ज मार्च महिन्यात भरून घेण्यात आले, तर महाराष्ट्र मंडळाचा बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. ‘आधी निकाल लागू द्या, मग पाहू’ असे म्हणणाऱ्या कुटुंबाचे त्या वर्षीचे दार तोवर बंद झालेले होते.

अर्जातील विषयांची निवडही तितकीच निर्णायक आहे. २०२५ पासून विद्यार्थ्याला जास्तीत जास्त पाच विषय घेता येतात. संगीताच्या अभ्यासक्रमाला कोणता विषय लागतो आणि एखादा अन्य अभ्यासक्रम पर्याय म्हणून ठेवायचा असल्यास त्याला कोणता, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच रकाने भरावेत. येथे झालेली चूक निकालानंतर दुरुस्त होत नाही. शिवाय गायन, वादन आणि नृत्य यांसाठी विद्यापीठाची स्वतःची प्रात्यक्षिक चाचणी असते. लेखी गुण कितीही असोत, स्वर आणि लय यांची परीक्षा तेथे होते. बारावीच्या अभ्यासात वर्षभर तंबोरा गवसणीत गेलेला असेल, तर ती उणीव परीक्षकांच्या कानांपासून लपत नाही. म्हणजे अर्ज बारावीत असताना भरायचा असला, तरी तयारी अकरावीपासूनच हवी.

दुसऱ्या पदवीसाठी मराठी विद्यार्थ्याच्या मनात स्वाभाविकपणे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ येते. पण राज्य मुक्त विद्यापीठांच्या दूरस्थ अभ्यासक्रमांचे कार्यक्षेत्र राज्यापुरते असते. वाराणसीत राहणाऱ्यास इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे ‘इग्नू’, हा सोयीचा पर्याय. त्याचे प्रादेशिक केंद्र वाराणसीत आहे आणि प्रवेश वर्षातून दोनदा, जुलै व जानेवारी या सत्रांत होतात. जुलैमध्ये संगीताच्या वर्गाची घडी बसवावी आणि दुसऱ्या पदवीस जानेवारीत नाव घालावे. पहिल्याच वर्षी दोन्ही ओझी एकदम उचलण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

कागदपत्रांबाबत एक अडचण अनेकांच्या ध्यानात येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र यांची मूळ प्रत एकच असते. ती पहिल्या संस्थेत जमा झाल्यावर दुसरी संस्था तीच मागू शकते. ती साक्षांकित प्रत स्वीकारील काय, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून ठेवावे. आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांची अंमलबजावणी प्रत्येक विद्यापीठाने स्वतःची पद्धत ठरवून करावयाची आहे. म्हणून दुहेरी प्रवेशास आपल्या संस्थेची मान्यता आहे की नाही, याचेही उत्तर तोंडी न घेता कागदावर घ्यावे.

परदेशात ‘लवकर अर्ज’ या शब्दांचा अर्थ वेगळा आहे. अमेरिकेतील ओबर्लिनसारख्या संस्थेत महाविद्यालय आणि संगीत विद्यालय यांच्या दोन पदव्या साधारण पाच वर्षांत एकत्र घेता येतात. मात्र प्रवेश दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळवावा लागतो आणि संगीतासाठी वादन वा गायन सादर करावे लागते. तेथील अनेक विद्यापीठांत नोव्हेंबरच्या आरंभी अर्ज करणाऱ्यांसाठी वेगळी फेरी असते. तिच्या एका प्रकारात निवड झाल्यास प्रवेश घेण्याचे बंधन विद्यार्थी स्वतःवर घालून घेतो. शिष्यवृत्तीवर विसंबून असलेल्या मराठी कुटुंबाने हे बंधन स्वीकारताना दहादा विचार करावा. कारण इतर संस्थांनी देऊ केलेली मदत तुलनेसाठी हाती येण्यापूर्वीच शब्द दिला गेलेला असतो.

वाराणसीत असे बंधन नाही आणि अशी फेरीही नाही. तेथे अर्जाची मुदत सर्वांना एकच.