परसातली भिंत

यॉर्कशरमधल्या सॉल्टेअरला जाणारा पाहुणा गिरणी पाहतो, चर्च पाहतो, रांगेतल्या दगडी घरांचे समोरून फोटो काढतो आणि परततो. या गावाची खरी कमाई मात्र मागच्या गल्लीत आहे. १८४९ मध्ये ब्रॅडफर्डमध्ये कॉलऱ्याने थैमान घातलं, तेव्हा तिथले लोकरीचे कारखानदार टायटस सॉल्ट शहराचे महापौर होते. चार वर्षांनी त्यांची नवी गिरणी शहराबाहेर, आयर नदीच्या काठी सुरू झाली आणि तिच्याभोवती लॉकवूड व मॉसन या वास्तुविशारदांनी कामगारांसाठी आठशेच्या वर घरं बांधली. ब्रॅडफर्डमधल्या कितीतरी गरीब घरांच्या पाठी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. म्हणजे त्यांना मागची बाजूच नव्हती, आणि संडास अनेक कुटुंबांत मिळून एक. सॉल्टेअरमध्ये दर घराला स्वतःचं परस मिळालं. परसात संडास, कोळशाची खोली, राखेचा खड्डा आणि भोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत. मैला, राख, कोळसा यांची ने-आण मागच्या गल्लीतून व्हायची, स्वयंपाकघरातून नाही. घाण आणि अन्न यांच्या वाटा वेगळ्या करणारी ही भिंत म्हणूनच मला दर्शनी कमानींपेक्षा मोलाची वाटते. कमानी मालकाची हौस सांगतात.

आता कोळसा जळत नाही, संडास घरात आले, मग ही अडगळ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. गाडी लावायला जागा हवी, कचऱ्याचे डबे ठेवायला हवी. पण डबे आणि सायकली त्या जुन्या कोळशाच्या खोलीतही मावतात. गाडी मावत नाही, हे कबूल; मात्र गाडीसाठी भिंत पाडली की एका घराची सोय होते आणि अख्ख्या गल्लीची सलग रेषा तुटते. खर्चाची तक्रार अधिक वजनदार. तरी तिथेही बरंचसं नुकसान आपणच ओढवून घेतलेलं असतं. वालुकाश्माचे सांधे मूळचे चुन्याचे. दगडात मुरलेलं पाणी चुन्यातून बाहेर पडतं. त्या जागी सिमेंट भरलं की ओल दगडातच अडकते, थंडीत गोठून फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी सिमेंटची रेघ पुढे आलेली आणि दगड मागे झिजलेला दिसतो. मग ‘भिंतच कमकुवत होती’ म्हणून ती पाडायला घेतात. कायद्याला हा युक्तिवाद मानवत नाही. संरक्षित घराच्या आवारात १ जुलै १९४८ पूर्वीपासून उभी असलेली भिंत किंवा खोली सहसा त्या घराचाच भाग धरली जाते, आणि ती पाडायची तर घर पाडण्याइतकीच परवानगी लागते.